देवप्रयाग: सासू निवळली, सून गढूळ राहिली

पावसाळ्यात देवप्रयागच्या घाटावर उभं राहिलं की पाण्यातली रेघ सहज दिसते. गंगोत्रीकडून आलेली भागीरथी हिरवट, बद्रीनाथकडून आलेली अलकनंदा मातकट. थोडं अंतर दोघी खेटून वाहतात आणि मग एक होतात. 'गंगा' हे नाव इथून सुरू होतं. धौलीगंगा, नंदाकिनी, पिंडर आणि मंदाकिनी या चौघींना वरच्या चार प्रयागांवर पोटात घेत आलेली अलकनंदा पाण्याने थोरली. तरी मूळ गंगेचा मान भगीरथाच्या कथेमुळे भागीरथीला.

गावात या दोघींना सास-बहू म्हणतात. आदळआपट करत येणारी भागीरथी सासू, संथ अलकनंदा सून. १८०८ मध्ये गंगेचा उगम शोधायला निघालेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या पथकातल्या रेपरनेही स्वभावातला हाच फरक नोंदवला आहे.

संगमाच्या वर रघुनाथाचं मंदिर आहे. मराठी माणसाने तिथे थोडं थांबावं, असं मला मनापासून वाटतं. १ सप्टेंबर १८०३ च्या भूकंपाने गढवाल उद्ध्वस्त झाला, मंदिराचा वरचा भागही ढासळला. पुढे त्याची दुरुस्ती करवली ती दौलतराव शिंद्यांनी. भूकंपानंतर तीनच आठवड्यांनी, २३ सप्टेंबरला, त्यांच्या फौजेचा असईला पराभव झाला होता. राज्य हातातून निसटत असतानाच्या त्या काळात इतक्या दूरच्या मंदिराची काळजी त्यांनी वाहिली.

पाण्याचा आजचा रंग मात्र अगदी अलीकडचा. उगमापाशी हिमनदी खडक दळते, ती भुकटी आणि वाटेतली माती घेऊन भागीरथी खाली यायची. २००५ च्या अखेरीस टेहरीच्या २६०.५ मीटर उंच धरणामागे पाणी साठू लागलं, जुनं टेहरी गाव बुडालं. आता तिचा बहुतेक गाळ त्या जलाशयातच तळाला बसतो आणि निवळलेलं पाणी पुढे येतं. अलकनंदेवरही गढवालमधल्या श्रीनगरला धरण आहे, पण एवढा मोठा साठा नाही. म्हणून पावसात तिचा गढूळपणा देवप्रयागपर्यंत टिकतो. दोन रंगांतली ही रेघ इतकी ठळक दिसते, त्यात टेहरीचा वाटा मोठा आहे.

संगमावर स्नान करणाऱ्यांना धरायला लोखंडी साखळ्या आहेत. त्या सोडू नका. धरणातून पाणी सोडलं की पातळी बघता बघता चढते.