कंत्राटी कुली आणि उधारीचे तिकीट: चिनी स्थलांतराच्या दोन वाटा

एकोणिसाव्या शतकात चिनी माणसे देश सोडून का गेली, या प्रश्नाचे एक ठरावीक उत्तर सर्वत्र वाचायला मिळते: गरिबी, वाढती लोकसंख्या, अफूची युद्धे आणि चीनच्या राजसत्तेविरुद्धचे तायपिंग बंड. यांतले एकही कारण खोटे नाही, पण एवढ्याने उलगडा होत नाही. १८७६ ते १८७९ या काळात उत्तर चीनमध्ये पडलेल्या भीषण दुष्काळात लाखो माणसे मेली, तरी तेथून समुद्रापार फारसे कोणी गेले नाही. जे गेले ते मुख्यतः ग्वांगडोंग आणि फुज्यान या दक्षिणेकडील प्रांतांतून, आणि तेथीलही मोजक्याच जिल्ह्यांतून. या जाणाऱ्यांतही दोन निराळे वर्ग होते. एक, कंत्राटावर क्यूबा आणि पेरूला नेलेले मजूर; दुसरे, उधारीच्या तिकिटावर कॅलिफोर्नियाला गेलेले प्रवासी. ‘कुली’ या एकाच शब्दात दोघांना कोंबल्यामुळे कारणांचाही गोंधळ झाला आहे.

कंत्राटी मजुरीचे मूळ चीनमध्ये शोधण्यापेक्षा कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांत शोधावे. आफ्रिकेतून गुलाम आणणे थांबावे म्हणून ब्रिटनचा दबाव वाढत चालला होता आणि क्यूबातील साखरेचा धंदा मात्र भरभराटीला आला होता. १८४७ मध्ये फुज्यानमधील श्यामेन बंदरातून निघालेले ‘ओकेंदो’ जहाज हवानाला पोहोचले आणि हा व्यापार सुरू झाला. १८७४ पर्यंत क्यूबासाठी सुमारे १,४१,००० चिनी माणसे जहाजांवर चढवण्यात आली. त्यांपैकी जिवंत उतरली ती सुमारे १,२५,०००. पेरूला गेलेल्यांची संख्या लाखाच्या घरात जाते; तेथे ऊस आणि कापसाच्या शेतांखेरीज चिंचा बेटांवर पक्ष्यांच्या विष्ठेचे खत खणण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले.

क्यूबाचे करारपत्र वरकरणी व्यवस्थित दिसे. मुदत आठ वर्षांची, पगार महिना चार पेसो, जेवण मालकाकडून, वर्षाला कपड्यांचे दोन जोड आणि एक घोंगडी. मुद्दा असा की हे करारपत्र हस्तांतरणीय होते. हवानाला उतरल्यावर कागद विकला जाई आणि कागदाबरोबर माणूसही जाई. १८६० च्या नियमानुसार तर मुदत संपल्यावर नवा करार करणे किंवा स्वतःच्या खर्चाने बेट सोडणे, एवढेच पर्याय उरले. चार पेसोंत परतीचे भाडे कोणाचे साठणार?

ही भरती पुढे प्रामुख्याने चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील, पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या मकावमधून होऊ लागली. (मकावचा कारभार १८४४ पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत होता, हा व्यापार तेथे फोफावला तोवर ते नाते तुटले होते.) दलाल माणसांना नोकरीच्या थापा मारून, जुगारात हरवून किंवा सरळ पळवून कोठारांत डांबत. कँटनी बोलीत याला ‘पिल्ले विकणे’ म्हणत, म्हणजे डुकराची पिल्ले. १८७४ मध्ये चेन लानबिन यांच्या नेतृत्वाखाली चिनी सरकारचे चौकशी मंडळ क्यूबाला गेले आणि त्याने १,१७६ जणांच्या जबान्या नोंदवल्या. दहापैकी आठ-नऊ जण आपल्या मर्जीविरुद्ध आणले गेले होते, असा निष्कर्ष मंडळाने काढला. ज्याला पळवून आणले त्याच्या ‘स्थलांतराच्या कारणां’त त्याच्या गावची गरिबी मोजणे मला तरी फारसे पटत नाही.

दुसऱ्या वाटेवरचा हिशेब घरातच मांडला जाई. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि ग्वांगडोंगमधील ताइशान, काइपिंग, शिनहुई व एनपिंग या चार जिल्ह्यांत तो प्रदेश ‘सोन्याचा डोंगर’ म्हणून ओळखला जाऊ लागला. सॅन फ्रान्सिस्कोचे चिनी नाव आजही ‘जुना सोन्याचा डोंगर’ असेच आहे. हाँगकाँगहून बोटीचे भाडे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. ते नातेवाईक, गाववाले किंवा व्यापारी भरत आणि माणूस पोहोचल्यावर कमाईतून व्याजासह फेडत असे. आपल्याकडच्या ऊसतोड कामगाराच्या ‘उचल’ या शब्दाने या व्यवहाराची कल्पना येईल. मालक ठरलेला नसे. काम बदलता येई, मात्र कर्ज चुकवता येत नसे. सॅन फ्रान्सिस्कोतील चिन्यांच्या जिल्हावार मंडळांनी जहाज कंपनीशी असे संधान बांधले होते की कर्ज फिटल्याचा दाखला दाखवल्याशिवाय परतीचे तिकीटच मिळू नये.

या दोन वाटा एकाच उंबऱ्यापासून फुटत होत्या, म्हणून त्या वेगळ्या ओळखणे अवघड जाते. १८५५ ते १८६७ या काळात याच चार जिल्ह्यांच्या परिसरात मूळचे रहिवासी पुंती आणि बाहेरून येऊन वसलेले हाक्का यांच्यात रक्तरंजित संघर्ष चालला. त्यात पकडलेल्या माणसांना मकावच्या दलालांना विकण्यात आले, तर ज्यांना पैसे उभे करता आले ते हाँगकाँगमार्गे सोन्याच्या डोंगराकडे निघाले. युद्ध तेच, जिल्हाही तोच. एक क्यूबात विकला गेला, दुसरा कर्ज काढून कॅलिफोर्नियात पोहोचला. सिंगापूर आणि मलायात तर सीमारेषा आणखी धूसर होती. तेथे तिकीट उधारीचेच असे, पण उतरल्यावर भाडे फिटेपर्यंत माणसाला अडकवून ठेवले जाई. अखेर १८७७ मध्ये ब्रिटिशांना विल्यम पिकरिंग या चिनी बोलू शकणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली चिनी स्थलांतरितांसाठी स्वतंत्र खाते उघडावे लागले.

अमेरिकेत मात्र हा गोंधळ हेतुपुरस्सर केला गेला. १८५२ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जॉन बिगलर यांनी येणाऱ्या चिन्यांना सरसकट कुली ठरवले. चिनी व्यापाऱ्यांनी त्याला जाहीर उत्तर दिले, परंतु शब्द चिकटला तो चिकटलाच. ‘हे मुक्त मजूर नव्हेत, म्हणून गुलामगिरीच्या विरोधकांनीही त्यांना विरोध करावा’ हा युक्तिवाद त्यामुळे सोपा झाला आणि चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी घालणाऱ्या १८८२ च्या कायद्याची वाट तयार झाली.

दोन्ही वाटांमागची कारणे वेगळी होती, याचा सर्वांत ठोस पुरावा त्यांच्या शेवटात सापडतो. १८७४ मध्ये पोर्तुगिजांनी मकावमधील कंत्राटी व्यापार बंद केला आणि क्यूबाकडचा ओघ आटला; चीनमधील गरिबी काही त्या वर्षी संपली नव्हती. याउलट १८८२ मध्ये अमेरिकेने मजुरांना दार बंद केले, तरी चार जिल्ह्यांतली माणसे येतच राहिली, कारण त्यांना ओढणारी साखळी घराण्यांची आणि पाठवलेल्या पैशांची होती. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतील जन्मनोंदी जळाल्या, तेव्हा अनेकांनी आपण अमेरिकेतच जन्मल्याचे सांगितले आणि प्रत्यक्षात नसलेले मुलगे चीनमध्ये असल्याचे कागदावर दाखवले, कारण नागरिकाच्या मुलाला प्रवेश मिळे. पुढे ती जागा भाच्याला किंवा पैसे देणाऱ्या गाववाल्याला मिळे. १९१० पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल बेटावरच्या तपासणी केंद्रात अशा ‘कागदी मुलां’ची दिवसेंदिवस उलटतपासणी होई: घरापुढे पायऱ्या किती, तांदळाची कणगी कुठे, शेजारच्या घरात कोण राहते. उत्तरांची टिपणे ते प्रवासात घोकत आणि किनारा दिसायच्या आत समुद्रात फेकून देत.