रोडस्टर की रोड बाईक? जुनी सायकल घेताना होणारी गल्लत

'विंटेज रोड बाईक, उत्तम कंडिशन.' जाहिरातीतला फोटो उघडला, तर समोर काळी, अठ्ठावीस इंची, सळईच्या ब्रेकची, मागे दणकट कॅरिअर असलेली सायकल. दूधवाल्याकडे असायची तीच. सायकल चांगलीच आहे, पण ती रोड बाईक नव्हे, रोडस्टर. दोन्ही नावांत 'रोड' असल्यामुळे विकणाऱ्याची गल्लत होते आणि ऑफिसला जायला जुनी सायकल शोधणाऱ्याचे पैसे जातात.

रोडस्टर मूळची इंग्लंडची. आपल्याकडे हर्क्युलस, अ‍ॅटलस, हीरो यांनी ती गावोगाव नेली. ताठ बसायचं, स्प्रिंगची सीट, पूर्ण चेनकव्हर, पुढचं चाक धरणारा चिमटा पुढे झुकलेला, त्यामुळे खड्ड्यातही हिसका कमी. जुनी रोड बाईक म्हणजे आपल्या बोलीत 'रेसर'. तिचं हँडल खाली वळलेलं, ब्रेक केबलचे आणि गिअरच्या दोन छोट्या दांड्या फ्रेमच्या खालच्या नळीवर. इटलीत १९९७ पासून 'लेरोइका' नावाची जुन्या सायकलींची फेरी निघते. तिथे साधारण १९८७ पर्यंतच्याच रेसर चालतात आणि गिअरच्या दांड्या त्या नळीवरच लागतात. जाणकार 'विंटेज रोड बाईक' म्हणतात ते हिला.

वजनातला फरक जिन्यात कळतो. रोडस्टर वीस किलोच्या आसपास, बरी रेसर अकरा-बारा. चढावर मात्र वजनापेक्षा दाते महत्त्वाचे. माझ्या रोडस्टरला पुढे ४४ आणि मागे १८ दाते आहेत, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर जाते. सपाटीवर झकास. पण कोथरूडहून चांदणी चौकाकडे चढताना गिअर उतरवायची सोयच नसल्याने उभं राहून रेटावं लागतं. रेसरवर ४२ आणि २४ लावले की फेऱ्याला पावणेचार मीटरच्या आसपास. घाम तेवढाच येतो, पण सायकल हातात धरून चालावं लागत नाही.

खरा घोटाळा टायरचा. रोडस्टरचा टायर २८ × १½, जुन्या रेसरचा बहुधा २७ × १¼, नंतरच्या रेसरचा ७००सी. आकडे इतके जवळचे की काहीही चालेल असं वाटतं. पण टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास अनुक्रमे ६३५, ६३० आणि ६२२ मिलिमीटर असतो. त्यात युरोपातल्या टायरवर ७००सीलाच '२८' छापलेलं असतं, म्हणजे मेळ बसायचा राहिलाच.

मी रेसर घेतली तेव्हा कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे २७चा टायर नव्हता. "अठ्ठाविसाचा बसवू की साहेब," म्हणाला, आणि पाना न लावता, नुसत्या अंगठ्याने टायर रिमवर सरकला. तिथेच शंका यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी हवा कडक भरली आणि सिग्नलला टायरची कड रिमबाहेर येऊन ट्यूब फुटली. शेजारचा रिक्षावाला दचकून खाली उतरला. तेव्हापासून इंच बघायचे सोडले. टायरच्या बाजूला ३२-६३० असा जोडआकडा असतो, त्यातला दुसरा वाचतो. पुढे मी चाकंच ७००सीची केली. व्यास आठ मिलिमीटरने घटतो, म्हणून ब्रेकची रबरं चार मिलिमीटर खाली यायला हवीत. ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा आहे का, हे आधी मोजा.

ब्रेक दोघींचेही पावसात भरवशाचे नाहीत, कारण जुन्या रिमा क्रोम केलेल्या लोखंडाच्या. ओल्या क्रोमवर रबर घसरतं. रोडस्टरचे ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला दाबतात, त्यामुळे चाक थोडं आउट, म्हणजे डुलणारं, असलं तरी ती चालते. रेसरचे दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतात, मग आउट काढल्याशिवाय गत्यंतर नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमा घातल्या की ब्रेक पुष्कळ सुधारतो.

विकत घेताना रंगाकडे बघू नका, तो परवा मारलेला असतो. पायडलला हलकासा झोका द्या. दर फेऱ्याला एकाच जागी 'टक' जाणवलं तर पायडलचा दांडा आसाला घट्ट धरणारी कॉटर पिन झिजलेली, म्हणजे किरकोळ काम. सीटची आणि हँडलची दांडी वरखाली होते का बघा. लोखंडी फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमची दांडी वर्षानुवर्षं बसली की आतच धरते आणि मग कारागीरही हात टेकतो. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेतली सायकल असेल तर हे आधी तपासा. रेसरवर 'रेनॉल्ड्स ५३१' या फ्रेमच्या पोलादी नळ्यांचा स्टिकर असेल तर नळ्या चांगल्या, पण स्टिकर नवासुद्धा चिकटवता येतो.

चार-पाच किलोमीटर सपाट रस्ता आणि दुरुस्ती कोपऱ्यावरच व्हावी असं वाटत असेल, तर मी डोळे मिटून रोडस्टर सुचवीन. अंतर दहाच्या पुढे किंवा वाटेत चढ असेल तर रेसर. स्वतः मी रोज रेसरवर जातो, पण रोडस्टर विकलेली नाही. दळणाचा डबा तिच्याच कॅरिअरवर बसतो. रेसरवर एकदा बांधून पाहिला होता. गिरणीपासून घराच्या फाटकापर्यंत ज्वारीच्या पिठाची सरळ पांढरी रेघ पडली होती.