कोल्हापूरचा सूर्य अर्धा तास मागे

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. कोल्हापूर आहे साधारण ७४.२ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटं धरली, की ३३ मिनिटांचा फरक पडतो. म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात सात वाजतात, तेव्हा इथल्या सूर्याच्या हिशोबाने जेमतेम साडेसहा झालेले असतात. जूनमध्ये इथे सहाच्या सुमारास उजाडतं, पण जानेवारीत सूर्य वर यायला सात वाजून जातात. आणि आपलं शरीर भिंतीवरचं घड्याळ बघत नाही, ते उजेड बघतं.

दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर सुमारे २०,००० चेतापेशींचा एक बारीक पुंजका आहे. झोप, भूक, अंगाचं तापमान, संप्रेरकं, सगळ्यांचं वेळापत्रक तिथून हलतं. त्याचा स्वतःचा दिवस मात्र बहुतेक माणसांत २४ तासांपेक्षा थोडा मोठा असतो. त्यामुळे हे घड्याळ रोज जुळवावं लागतं, नाहीतर झोपेची वेळ दिवसागणिक पुढे ढकलली जाते.

जुळवण्याचं काम उजेड करतो, तेही एका वेगळ्याच वाटेने. डोळ्याच्या पडद्यावर चित्र टिपणाऱ्या पेशींखेरीज उजेड किती आहे एवढंच मुख्यतः मोजणाऱ्या पेशी असतात. त्या २००२ साली सापडल्या. त्यांच्यातलं मेलॅनॉप्सिन नावाचं प्रकाश टिपणारं द्रव्य ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतं. काही अंध व्यक्तींमध्ये या पेशी शाबूत असतात; त्यांना दिसत नाही, तरी त्यांचं शरीर दिवस-रात्र ओळखतं.

उजेड कधी मिळतो, यावर सगळं अवलंबून आहे. सकाळी मिळाला तर रात्री झोप लवकर येते. रात्री उशिरा मिळाला तर मेलॅटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक, दबतं आणि झोप लांबते. घरातल्या ट्यूबलाईटखाली १०० ते ३०० लक्स उजेड असतो. रंकाळ्यावर जुलैच्या भरल्या आभाळाखालीसुद्धा काही हजार लक्स सहज मिळतो. तेव्हा ऊन नाही म्हणून सकाळचं फिरणं सोडू नका.

गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या फौंड्रीत नाईट करणाऱ्यांचं दुखणं उलटं आहे. रात्रभर दिव्याखाली काम आणि सुटल्यावर डोळ्यांवर सकाळचं लख्ख ऊन. घड्याळाला दोन्हीकडून चुकीचा निरोप जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये असं शिफ्टचं काम 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. ही माणसं घरी आली की खोलीत जाड पडदा हवाच, आणि दिवसा त्यांची झोप मोडणार नाही एवढं घरच्यांनी बघायला हवं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती आठवी ते दहावीच्या पोरांची. वयात येताना मेलॅटोनिन उशिरा सुटू लागतं, म्हणून त्यांना रात्री लवकर झोप येत नाही. त्यात हातात मोबाईल. 'आळशी झालाय' म्हणून त्यांना बोलणं अन्यायाचं आहे. राज्य शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला, ते चांगलंच झालं. पण शरीराच्या हिशोबाने ही सवलत मोठ्या मुलांना जास्त लागते. निदान डिसेंबर-जानेवारीत तरी कोल्हापुरातल्या शाळांनी त्यांचे सकाळचे वर्ग तासभर पुढे न्यावेत.