न्यूझीलंडमधील पहिली मानवी वस्ती आणि तिचे पर्यावरणीय परिणाम

न्यूझीलंड (माओरी नाव आओतेआरोआ) हा माणसाने सर्वांत शेवटी वस्ती केलेला मोठा भूभाग. पूर्व पॉलिनेशियातील (प्रशांत महासागरातील बेटसमूह) दर्यावर्दी दोन होड्या जोडून बनवलेल्या नावांतून इ. स. १२५० ते १३०० च्या सुमारास येथे येऊन स्थिरावले. आजचे माओरी त्यांचे वंशज. पहिल्या पिढीत माणसे काही शेकडाच असावीत. तरीही पुढच्या दोनेकशे वर्षांत या बेटांचे रूप पालटले.

माणसे नेमकी कधी आली, हा वाद बरीच वर्षे चालला, आणि त्याचा निकाल उंदरांनी लावला. वसाहतकऱ्यांबरोबर किओरे हा पॉलिनेशियन उंदीर आला होता. तो पोहत समुद्र ओलांडू शकत नाही. म्हणजे जिथे उंदीर तिथे माणसाची नाव आलेली. उंदरांच्या काही हाडांचे वय दोन हजार वर्षे निघाल्याने एकेकाळी खळबळ उडाली होती. पण संशोधक जॅनेट विल्मशर्स्ट आणि सहकाऱ्यांनी दलदलीत टिकून राहिलेल्या, उंदराने कुरतडलेल्या बियांची कार्बन कालमापनाने तपासणी केली. बियांवर दातांच्या बारीक जोडखुणा स्पष्ट दिसत होत्या, आणि त्यांपैकी एकही बी साधारण १२८० च्या आधीची नव्हती. २००८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जुन्या तारखा मागे पडल्या.

नावेतून रताळी, तारो (आपल्या अळूचाच प्रकार), कोनफळाच्या जातीचा कंद, दुधी भोपळे आणि कुरी नावाचा कुत्रा हेही उतरले. नारळ आणि केळी या थंड हवेत जगली नाहीत. डुकरे आणि कोंबड्या इथे रुजल्याच नाहीत. रताळ्याची (माओरीत कुमरा) कहाणी वेगळीच आहे. मूळ दक्षिण अमेरिकेतील हे पीक युरोपीय जहाजांच्या आधीच पॉलिनेशियात पोहोचले होते. आपल्याकडे ते त्यानंतर कितीतरी उशिरा आले. जमिनीत ऊब राहावी म्हणून माओरी शेतकरी मातीत वाळू-खडी मिसळत आणि कंद हिवाळाभर खड्ड्यांत साठवत. देशाच्या दोन मुख्य बेटांपैकी दक्षिण बेटाच्या बऱ्याच भागात मात्र कुमरा पिकतच नसे. तिथे पोट भरायचे ते शिकारीवर.

आणि शिकार मुबलक होती. वटवाघळे सोडली तर या भूमीवर स्थानिक सस्तन प्राणी नव्हतेच. चरण्याची आणि शिकारीची कामे पक्ष्यांनीच वाटून घेतली होती. मोआ या न उडणाऱ्या पक्ष्याच्या नऊ जाती होत्या. सर्वांत मोठ्या जातीची मादी दोनशे किलोंहून जड भरे आणि मान उंचावली की तिचे डोके साडेतीन मीटरपर्यंत पोहोचे. तिला भय होते ते फक्त हास्ट या अजस्र गरुडाचे. दोन पायांच्या, भाला घेतलेल्या प्राण्याला बिचकण्याची सवय तिला नव्हती. मोआ वयात यायला अनेक वर्षे घेत आणि अंडी एक-दोनच घालत. अशा पक्ष्याला संपवायला थोडी जास्त शिकारही पुरते. २०१४ मध्ये मांडलेल्या एका अंदाजानुसार मोआ नामशेष झाला तेव्हा देशात जेमतेम अडीच हजार माणसे होती. ‘गर्दी वाढली म्हणून निसर्ग संपला’ हे नेहमीचे स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही. मोआ संपला आणि त्याच्या मागोमाग भक्ष्याविना गरुडही.

या काळाचे सर्वांत बोलके स्थळ म्हणजे दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाकडील वायराऊ नदीमुखाची वाळूपट्टी. १९३९ मध्ये एका शाळकरी मुलाला तिथे मानवी सांगाड्याजवळ भोक पाडलेले मोआचे अंडे सापडले. पाणी ठेवण्यासाठी ते वापरले जात असावे. पुढील उत्खननांत मोआच्या हाडांचे ढीग, माळा, लाकूड तासायचे दगडी वाकस आणि जमिनीत खणलेल्या मोठ्या भट्ट्या मिळाल्या. तिथून उचललेले पूर्वजांचे अवशेष २००९ मध्ये रांगितानी या माओरी जमातीने परत आणून त्याच जागी पुरले.

शिकारीपेक्षाही खोल घाव आगीचा. या जंगलांना आगीची सवय नव्हती. जळलेले झाड पुन्हा फुटत नसे. वाटा मोकळ्या करण्यासाठी आणि खाण्याजोग्या नेच्याची मुळे वाढावीत म्हणून आगी लावल्या जात, आणि कोरड्या पूर्व भागात त्या हाताबाहेर जात. सरोवरांच्या तळाच्या गाळात तेराव्या-चौदाव्या शतकाच्या थरापासून कोळशाचे कण एकदम वाढतात आणि वृक्षांचे पराग घटतात. दोनशे वर्षांत दक्षिण बेटावरचे सुमारे ४० टक्के जंगल गेले. उरल्यासुरल्या बिया, अंडी आणि पिल्ले उंदरांनी फस्त केली. तुआतारा हा सरड्यासारखा दिसणारा प्राचीन सरीसृप अखेरीस लहान बेटांवरच उरला.

मोआ गेल्यावर माओरींचे जेवण मासे, शिंपले, ईल (वाम) आणि कुटलेल्या नेच्याच्या मुळांवर आले. जंगल वा किनाऱ्याचा एखादा भाग काही काळ वर्ज्य ठरवण्याची ‘राहुई’ ही प्रथा त्यांच्या जीवनाचा भाग झाली, आणि ती अजून चालू आहे. कौरी या महाकाय वृक्षांचा रोग पसरू नये म्हणून २०१७ मध्ये ऑकलंडजवळील वाईताकेरे जंगलावर स्थानिक जमातीने राहुई जाहीर केली. ‘मोआसारखे नाहीसे झाले’ ही म्हण माओरीत आहे. निसर्गाशी एकरूप आदिवासी किंवा बेफिकीर विध्वंसक, असे दोन्ही साचे या लोकांवर लादले गेले आहेत आणि दोन्ही तोकडे आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपीयांनी आणलेले नवे उंदीर, स्टोट (मुंगसासारखा शिकारी प्राणी) आणि मेंढ्या यांनी जे केले, ते प्रमाणाने कमी नव्हते.

न्यूझीलंडच्या पाच डॉलरच्या नोटेवर पुढे एडमंड हिलरी आहेत आणि मागे होईहो हा पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन. होईहो मुख्य भूमीचा जुना रहिवासी, असेच सारे धरून चालत. जुन्या हाडांतील डीएनए तपासल्यावर कळले की तिथे आधी वाईताहा नावाचा वेगळाच पेंग्विन होता. तो शिकारीत संपल्यावर, साधारण १५०० नंतर, दक्षिणेकडील बेटांवरून होईहो येऊन त्या मोकळ्या किनाऱ्यांवर वसला. आता त्याचीही संख्या घटत चालली आहे.