बॉनेटवर अंडी घालणारा चतुर

ऑक्टोबरमधली सकाळ. ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठाला एक काळी गाडी उभी होती आणि तिच्या बॉनेटवर पिवळसर चतुरांची एक जोडी घिरट्या घालत होती. नराने मादीला डोक्यामागून पकडलेलं. मादी दर दोन-तीन सेकंदांनी खाली झेपावायची, पोटाचं टोक बॉनेटला टेकवायची, पुन्हा वर. तलाव पंधरा पावलांवर, आणि अंडी पडत होती गाडीवर!

लहानपणी आम्ही यांना हेलिकॉप्टर म्हणायचो. पाऊस सरताना ठाण्याच्या मैदानांवर थव्याने उडतात ते हेच, शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅवेसेन्स. पावसाने साचलेली डबकी ही यांची बाळंतिणीची खोली. डबकं आज आहे, उद्या नाही, म्हणून नवं पाणी सतत हुडकावं लागतं. याच जातीचे थवे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मालदीववरून जाताना दिसतात. समुद्र ओलांडणारा हा जीव एका बॉनेटला फसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

फसवतो तो प्रकाश. सूर्याकडून येणाऱ्या प्रकाशलहरी सगळ्या दिशांनी कंप पावत असतात. संथ पाण्यावरून परतताना मात्र त्यात आडव्या कंपनांचा भरणा होतो. हे ध्रुवीकरण. आपल्या डोळ्यांना त्याचा पत्ता लागत नाही. चतुराच्या डोळ्याचा खालचा भाग नेमका हाच प्रकाश टिपतो आणि त्यावरून पाणी ओळखतो. गाडीच्या रंगावरचा चकचकीत पारदर्शक थरही तीच खूण देतो. रंग गडद असेल तर आत शिरलेला प्रकाश शोषला जातो आणि पृष्ठभागावरचा ध्रुवित प्रकाश तेवढा उरतो. पांढऱ्या रंगातून बराच प्रकाश विखरून बाहेर येतो, त्यामुळे खूण फिकी पडते. हंगेरीचे शास्त्रज्ञ गाबोर होर्वात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या गुळगुळीत थडग्यांवर झेपावणाऱ्या चतुरांचं कोडं असंच उलगडलं. २०१६ मध्ये त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार, मिळालं.

तळ्याकाठी फोटो काढणाऱ्यांच्या बॅगेत पोलरायझर फिल्टर, म्हणजे ध्रुवित प्रकाश अडवणारी काच, असतो. त्याची कडी फिरवली की पाण्यावरची चमक विरते आणि खालचं शेवाळ, बेडकांची पिल्लं दिसू लागतात. पाण्याच्या पातळीशी साधारण ३७ अंशांचा कोन साधला तर परिणाम सर्वात ठळक. कॅमेरा दीड मीटर उंचीवर असेल तर समोर दोन मीटरवरचं पाणी बघा. म्हणजे चतुर ज्या चमकेवर पाणी ओळखतो, तीच आपण पुसून टाकतो. फिल्टर एक-दोन स्टॉप, म्हणजे निम्मा ते पाऊण, प्रकाश खातो, म्हणून येऊरच्या जंगलातल्या गर्द सावलीत तो काढलेलाच बरा. चतुराचा जवळून फोटो हवा असेल तर सकाळी लवकर जा. अंग गार असताना तो काडीवर निवांत बसलेला असतो. हळू सरका, आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका.

त्या दिवशी मी बॉनेटकडे फिल्टर रोखून कडी फिरवली. आभाळाचं प्रतिबिंब विझलं आणि काळ्या रंगावर खसखशीहून बारीक अंडी उघडी पडली. उन्हात सुकत चाललेली. तेवढ्यात गाडीवाले काका आले. त्यांना सगळं सांगितलं, अंडी दाखवली. ते वाकून बराच वेळ बघत राहिले, मग डिकीतून कापडी कव्हर काढून त्यांनी गाडीवर पसरलं. खडबडीत कापडावर ती चमक नव्हती. जोडीने वर एक घिरटी घातली आणि ती तिथून निघून गेली.