टोमॅटोचा गर फेकू नका

टोमॅटो सँडविच बिघडतं ते पाण्यामुळे. पिकलेल्या टोमॅटोत साधारण 94-95 टक्के पाणीच असतं आणि ब्रेड तर पाणी शोषायला टपलेलाच. म्हणून बऱ्याच घरांत बियांभोवतीचा बुळबुळीत गर काढून टाकतात आणि नुसता मांसल भाग ब्रेडमध्ये घालतात. सँडविच कोरडं राहतं खरं, पण चव कचऱ्याच्या डब्यात जाते.

इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2007 मध्ये टोमॅटोच्या अनेक जातींचा गर आणि मांसल भाग वेगवेगळा तपासला. गरात ग्लुटामिक आम्ल सरासरी तिपटीहून जास्त निघालं. उमामी, म्हणजे तोंडात रेंगाळणारी भरदार चव, येते ती या आम्लामुळे. जपानच्या किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ते ओळखलं आणि या चवीला नाव दिलं. टोमॅटो पडला की रस्सा भरदार लागतो, त्यात याचा मोठा वाटा आहे. आंबटपणाही गरातच अधिक. मग तो टाकायचा कशाला? पाणी अडवलं की झालं.

ते कसं अडवायचं, हे मुंबईच्या सँडविचवाल्याकडे बघावं. तो आधी मऊ बटर घेतो, सुरीच्या सपाट बाजूने ब्रेडच्या थेट कडेपर्यंत ओढतो, कोपरेसुद्धा सोडत नाही. मगच चटणी. बटरमध्ये किमान 80 टक्के स्निग्धांश असतो आणि स्निग्ध पदार्थ पाण्याला जवळ करत नाहीत. हा पातळ थर ब्रेडची भोकं बुजवतो. फ्रीजमधून काढलेलं घट्ट बटर मात्र ब्रेड फाडतं, मधे मधे कोरडे डाग राहतात आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं. बटर दोन्ही स्लाइसना लावा.

आता मीठ. कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी घालतात, तोच नियम इथे. मीठ भुरभुरलं की फोडीच्या पृष्ठभागावरचं पाणी खारट होतं आणि आतल्या पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं. फोडीवर थेंब जमताना डोळ्यांना दिसतात, थोड्या वेळाने ताटलीत रस साचतो. पण मीठ वगळून चालत नाही, कारण त्याच्या जोडीनेच उमामी उठून येते. तेव्हा टोमॅटो ब्रेडवर ठेवा, मीठ-मिरपूड घाला, झाका आणि लगेच खा.

टोमॅटोही आयत्या वेळीच चिरावा. अख्ख्या फळाला फारसा वास नसतो. सुरी फिरली, पेशी फुटल्या की त्यातल्या स्निग्धाम्लांची विकरं (एन्झाइम) आणि हवेतला ऑक्सिजन यांच्याशी गाठ पडते आणि काही क्षणांत तो ताजा, हिरवट गंध तयार होतो. हा गंध उडून जाणारा असतो. चिरताना दातेरी सुरी घ्या आणि टोमॅटो देठ बाजूला येईल असा आडवा धरून गोल चकत्या करा. प्रत्येक चकतीत गराचे कप्पे भिंतींनी वेढलेले राहतात, गर सांडत नाही.

फ्रीजबद्दल मी आग्रही आहे. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की 5 अंश सेल्सिअसला आठवडाभर ठेवलेल्या टोमॅटोतली गंधद्रव्यं घटतात. थंडीत ती बनवणारी काही जनुकं मंदावतात आणि फळ बाहेर काढून दिवसभर ठेवलं तरी गंध पूर्ण परतत नाही. पिकलेला टोमॅटो टोपलीतच बरा. ब्रेडही फ्रीजमध्ये लवकर शिळा होतो, कारण त्या तापमानाला त्यातला स्टार्च भराभर कडक होतो.

राहता राहिली निवड. लांबच्या बाजारात ट्रकने जाणारा टोमॅटो दाबाला टिकावा म्हणून जाड भिंतींचा, कमी गराचा निवडलेला असतो. भाजीला तो चालतो. सँडविचसाठी मंडईत पातळ सालीचा, दाबल्यावर किंचित लवणारा गावठी टोमॅटो मिळाला तर तोच घ्या. डब्यात सँडविच द्यायचं असेल तर बटर लावलेला ब्रेड, अख्खा टोमॅटो आणि मिठाची पुडी वेगवेगळी द्या, खाणारा तिथे चिरून घेईल.