स्विंगवेटचा घोळ: घरगुती क्लबबांधणीची पार्श्वभूमी

हेड (चेंडूला लागणारे डोके), शाफ्ट (दांडा) आणि ग्रिप (मूठ) वेगवेगळे मागवून घरच्या टेबलावर स्वतःच्या मापाचा गोल्फ क्लब तयार करायचा, हा छंद आजच्या रूपात १९७०च्या दशकात उभा राहिला. त्याआधीचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. दांड्यासाठी पूर्वी अ‍ॅश आणि हेझलचे लाकूड वापरत. एकोणिसाव्या शतकात हिकरी आली. हेड सफरचंदाच्या, नासपतीच्या किंवा बीचच्या लाकडाचे असे, पुढे पर्सिमनचे झाले. दोन्ही टोके तिरकी तासून सरसाने चिकटवायची आणि वरून दोरा घट्ट गुंडाळायचा. हिकरीचा एक दांडा दुसऱ्यासारखा वाकत नाही. म्हणून कारागीर तो हलवून बघे, तासे, पुन्हा हलवून बघे. आणि खेळाडू हाताला रुचलेला एकेक क्लब वर्षानुवर्षे जमवत राही. सेट जुळला की नाही हे हात सांगत असे, त्याला आकडा नव्हता.

पोलादी शाफ्टने हे चित्र पालटले. अमेरिकेत १९२०च्या दशकात आणि ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये त्याला नियमांची मान्यता मिळाली. कारखान्यातून एकसारख्या नळ्या निघू लागल्या, मॅशी आणि निब्लिक ही नावे मागे पडून क्लबांना क्रमांक आले, काही खेळाडूंच्या बॅगेत वीसपेक्षा जास्त क्लब साठले. १४ क्लबांची मर्यादा अमेरिकेत १९३८ मध्ये आणि ब्रिटनमध्ये त्याच्या पुढच्या वर्षी लागू झाली. पण सेटमधले सगळे क्लब हाताला सारखे लागतात हे पारखी कारागिराशिवाय ठरवायचे कसे? कारखान्यांनी याचे जे उत्तर उचलले, त्यानेच आजच्या छंदातला सर्वांत मोठा घोळ घातला आहे.

ते उत्तर म्हणजे स्विंगवेट. त्याचा तराजू १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या एका क्लब बनवणाऱ्याने तयार केला. ग्रिपच्या टोकापासून १४ इंचांवर टेकू असतो. त्यावर क्लब आडवा ठेवायचा आणि हेडची बाजू किती ओढ घेते ते मोजायचे. माप येते अक्षर आणि अंकाच्या जोडीत: सी८, डी०, डी२. ते जितके पुढचे, तितकी हेडची ओढ जास्त. १४ इंच हे अंतर सिद्धांतातून आलेले नाही. चांगल्या खेळाडूने हाताने निवडलेले क्लब ज्या टेकूवर जवळपास सारखे भरले, तो टेकू कायम झाला. पारखी हाताची नक्कल करणारी ती एक युक्ती होती, आणि हिकरीच्या क्लबांपुरती ती चांगलीच युक्ती होती.

गोंधळ नावातच आहे. स्विंगवेट मोजताना क्लब फिरत नाही, तो तराजूवर निपचित पडलेला असतो. शिवाय ते वजनही नव्हे. टेकूच्या दोन बाजूंचा तोल असे त्याला फार तर म्हणता येईल. पाच ग्रॅम जड ग्रिप चढवली की स्विंगवेट साधारण एका अंकाने उतरते, कारण ते वजन टेकूच्या मागे पडते. तराजू सांगतो, क्लब हलका झाला. प्रत्यक्षात क्लब पाच ग्रॅमने जड झालेला असतो, हेड आहे तेवढेच असते, आणि वाढलेले वजन खेळाडूच्या मुठीत असल्यामुळे क्लब फिरवायला लागणाऱ्या जोरात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. तरीही कित्येक जण मोठी ग्रिप बसवून झाल्यावर 'स्विंगवेट परत आणायला' हेडवर शिशाची पट्टी चिकटवतात. मीही सुरुवातीला हेच केले. त्या सेटचे सगळे आयर्न (धातूच्या हेडचे, क्रमांकाचे क्लब) डी२ भरत होते आणि सगळेच आधीपेक्षा बोजड झाले होते.

याला पर्याय म्हणून पुढे आलेली कल्पना म्हणजे एमओआय जुळवणे, म्हणजे क्लबचे जडत्व आघूर्ण सगळ्या सेटमध्ये सारखे ठेवणे. ग्रिपच्या टोकाभोवती क्लब फिरवायला तो किती विरोध करतो, हे त्यात मोजतात. सात नंबरच्या आयर्नला हा आकडा २,७०० किलोग्रॅम-चौरस सेंटीमीटरच्या आसपास येतो. अंतराचा वर्ग धरला जात असल्याने लांबीचा परिणाम इथे मोठा असतो. सर्वसाधारण सेटमध्ये क्लब अर्ध्या इंचाने आखूड होत जातो आणि हेड सात ग्रॅमने जड. स्विंगवेट सारखे राहायला एवढे पुरते. एमओआय सारखे राहायला हेडच्या वजनाचा हा टप्पा थोडा वाढवावा लागतो. परिणामी एमओआय जुळलेला सेट तराजूवर ठेवला तर आखूड क्लबांचे स्विंगवेट चढत जाताना दिसते. जुन्या वळणाचे लोक त्यालाच 'न जुळलेला सेट' म्हणतात, आणि वादाला तोंड फुटते.

इतकी वर्षे एमओआय मागे राहिले याचे साधे कारण मोजमाप हे आहे. तराजूवर क्लब ठेवून दोन सेकंदांत अंक वाचता येतो. एमओआयसाठी क्लबला झोके देऊन वेळ मोजावी लागते, वजन आणि तोलबिंदू घ्यावा लागतो, मग आकडेमोड. घरी हे खिळा, धागा आणि स्टॉपवॉचवर जमते, पण कारखान्याच्या रांगेत ते परवडण्यासारखे नव्हते. तयार यंत्रे आली तोवर स्विंगवेट प्रत्येक कॅटलॉगमध्ये छापले जाऊ लागले होते. त्यात आणखी एक गुंता झाला. आजच्या जाहिरातीत एमओआय म्हटले की बहुतेकदा हेडचे एमओआय अभिप्रेत असते. चेंडू मधोमध न लागता कडेला लागला तर हेड किती कमी वळते, याचे ते माप. नियमांनी त्याला ५,९०० ग्रॅम-चौरस सेंटीमीटरची मर्यादा घातली आहे, मोजणीतली सूट वेगळी. एकक हजारपटीने लहान आणि अर्थ पूर्ण वेगळा, तरी नवखा माणूस दोन्ही आकडे शेजारी मांडून चक्रावतो. माझ्या मते निदान आखूड आयर्नपुरता तरी एमओआयचा पक्ष भक्कम आहे. १९८०च्या दशकाच्या शेवटी एका कंपनीने सगळे आयर्न एकाच लांबीचे काढले, तेव्हा तीही दुसऱ्या वाटेने सारख्या एमओआयपाशीच पोचत होती.

आता छंदाकडे. १९६०च्या दशकात मेणाच्या साच्यातून स्टेनलेस स्टीलचे आयर्न ओतले जाऊ लागले. घडाईचे अवजड घण आणि ठसे नसतानाही अचूक वजनाचे हेड मिळू लागले, आणि मधले वजन काढून कडांना देणे सोपे झाले. त्यानंतर सुटे भाग टपालाने विकणारी दुकाने निघाली, सोबत सविस्तर हस्तपुस्तिकाही आल्या. छंद पसरण्यात सर्वांत मोठा वाटा समांतर टोकाच्या, म्हणजे टोकाकडे जाडी न बदलणाऱ्या शाफ्टचा मानावा लागेल. कारखान्याच्या आयर्नला ०.३५५ इंचांचे निमुळते टोक असायचे, म्हणजे प्रत्येक क्लबसाठी वेगळा शाफ्ट. ०.३७० इंचांच्या समांतर टोकाची एकच नळी घेऊन, दर पुढच्या क्लबला टोकाकडून अर्धा इंच जास्त कापत गेले की अख्खा सेट होतो. लोखंडी करवत, दोन भागांचे इपॉक्सी, फेरूल (हेड आणि शाफ्टच्या जोडावरचे कडे), दुहेरी टेप, ग्रिप सरकवायला थोडे सॉल्व्हंट आणि हेडचे वजन वाढवायला टोकात बसणारे पितळी तुकडे: एवढ्यावर काम सुरू होत असे.

ग्रॅफाइट शाफ्ट १९७०च्या सुमारास आणि धातूचा ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) १९७९ मध्ये आला. दोन्हींनी छंदाला नवे पर्याय दिले आणि फ्लेक्सचा, म्हणजे शाफ्ट किती वाकतो याचा प्रश्न उघडा पाडला. आर, एस, एक्स या चढत्या ताठपणाच्या अक्षरांमागे सर्वमान्य मानक कधीच नव्हते, आजही नाही. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एसपेक्षा ताठ निघू शकतो. म्हणून हौशी लोकांनी वारंवारिता मोजायला घेतली: ग्रिपचे टोक शिकंज्यात आवळायचे, हेड झटकायचे, मिनिटाला किती हेलकावे होतात ते बघायचे. या एका मोजणीने शाफ्टवरचे अक्षर वाचायची सवय मोडली, हे छंदाचे मोठे काम आहे.

१९९०च्या दशकात नामांकित हेडसारखी दिसणारी हेडे बाजारात आली आणि खटले झाले. स्वतःची रचना करणारे प्रामाणिक सुटे-भाग विक्रेतेही त्या नकलांच्या जोडीने बदनाम झाले, याचे मला अजून वाईट वाटते. नियमही आवळत गेले. फेसच्या, म्हणजे हेडच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या उसळीवर अमेरिकेत १९९८ मध्ये मर्यादा आली, २००४ मध्ये हेडचा आकार ४६० घन सेंटीमीटरवर थांबवला गेला, २०१० मध्ये फेसवरच्या खाचांच्या कडा बोथट कराव्या लागल्या. स्पर्धेत खेळणाऱ्या हौशी माणसाला तेव्हापासून हेड घेताना मान्यताप्राप्त यादी पाहावी लागते.

२००८पर्यंत ड्रायव्हरमध्ये खेळाडूला बदलता येण्याजोगे फक्त वजन होते. त्या वर्षी लॉफ्ट (फेसचा मागे झुकलेला कोन) आणि लाय (शाफ्टचा जमिनीशी कोन) बदलणाऱ्या होझलला, म्हणजे शाफ्ट बसतो त्या हेडच्या नळीला, परवानगी मिळाली. आता शाफ्टच्या टोकावर त्यात बसणारी वेगळी नळी चिकटवलेली असते आणि एका पान्याने तो दोन मिनिटांत बदलतो. मात्र एका कंपनीची नळी दुसरीच्या हेडला बसत नाही. ड्रायव्हरपुरते इपॉक्सीचे काम त्या नळीपाशी संपले. आयर्न अजून चिकटवावेच लागतात, आणि चोवीस तास वाळले की बहुतेक टेबलांवर ते आजही आधी त्याच १४ इंचांच्या टेकूवर ठेवले जातात.